तलवार कोणी घडविली? : मराठी समीक्षेतील कसबाचा अनुल्लेख

१

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर येथे शारदीय नवरात्रात देवीच्या ज्या अलंकार महापूजा बांधल्या जातात, त्यांत ‘भवानी तलवार अलंकार’ ही एक आहे. देवी शिवछत्रपतींना तलवार प्रदान करीत आहे, हा प्रसंग त्या दिवशी गाभाऱ्यात साक्षात उभा राहतो. या दृश्याची भावनिक सत्यता येथे वादाचा विषय नाही. वादाचा विषय त्या दृश्याच्या चौकटीबाहेर राहिलेला माणूस हा आहे. देणारी दिसते, घेणारा दिसतो, दिली जाणारी वस्तूही दिसते. जो दिसत नाही, तो ती वस्तू घडविणारा.

त्याच तलवारीविषयी इतिहासचर्चेत दुसरीही एक हकिकत सांगितली जाते. कोकणातील सावंत घराण्याकडे एक उत्तम फिरंग होती; 1659च्या सुमारास ती महाराजांकडे आली आणि तिच्यापोटी 300 होन दिले गेले, अशी ही हकिकत. फिरंग म्हणजे युरोपीय घडणीचे सरळ पाते; त्याला येथील कारागिरांनी मूठ बसवावयाची, अशी दख्खनेतील रीत होती. या दोन हकिकतींपैकी खरी कोणती, साताऱ्याची तलवार खरी की लंडनच्या राजसंग्रहातील, यावर महाराष्ट्रात विपुल शाई खर्ची पडली आहे. 1980 साली तर मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी लंडनची तलवार परत आणण्याचा विषय राजकारणाच्या अग्रभागी आणला. या सर्व वादांत मालकीचा प्रश्न विचारला गेला, प्रामाण्याचा विचारला गेला, परतीचा विचारला गेला. पाते कोणत्या भट्टीत तापले आणि मूठ कोणाच्या हातून बसली, हा प्रश्न मात्र लोकचर्चेला कधी पडला नाही.

ही केवळ इतिहासाभ्यासातील उणीव असती, तर साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु उत्तम वस्तू समोर आली की तिचे उत्तमपण तिच्या घडणीबाहेरील एखाद्या अलौकिक स्रोताकडे सोपवून मोकळे व्हावयाचे, ही मनोवृत्ती मराठी समीक्षेच्याही मुळाशी आहे. तलवारीबाबत जे घडले तेच कवितेबाबत घडत आले आहे. हा आरोप सिद्ध करण्यासाठी येथे एका अनपेक्षित ठिकाणचा पुरावा घ्यावयाचा आहे.

२

हा पुरावा अद्भुतरम्य भूमिकाखेळांच्या नियमपुस्तकांतला आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच जणांनी मेजाभोवती बसावे, एकाने कथेचे सूत्र हाती धरावे, इतरांनी एकेका पात्राच्या वतीने बोलावे आणि जेथे फल अनिश्चित तेथे फासा टाकावा, असे त्याचे स्वरूप आहे. पोरखेळ आणि परदेशी व्यापार म्हणून या पुस्तकांची संभावना करणे सोपे आहे. परंतु क्रीडा हे संस्कृतीचे बीज आहे, असे प्रतिपादन करणारा हाइझिंगाचा ‘होमो ल्यूडेन्स’ हा ग्रंथ 1938 सालचा. त्याला मान तुकवावयाची आणि प्रत्यक्ष खेळाचे नियम वाचावयाचे नाहीत, हा दुटप्पीपणा होय. नियमपुस्तक हीही एक संहिताच आहे. कल्पित जगात काय संभवते, कशाला किती मोल आहे आणि ते कोणत्या क्रमाने सिद्ध होते, हे ती स्पष्ट शब्दांत सांगते. कादंबरी जी मूल्यव्यवस्था झाकून ठेवते, ती नियमपुस्तकाला मांडावीच लागते.

या खेळाच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शस्त्रांचे तीन स्तर आहेत : साधे शस्त्र, ‘मास्टरवर्क’ शस्त्र आणि मंत्रसिद्ध शस्त्र. मधला स्तर लक्षणीय आहे. मास्टरवर्क शस्त्रात जादूचा लवलेश नाही. ते निव्वळ चांगले घडलेले आहे. त्याचा लाभ नेमाने वार करताना वीस बाजूंच्या फाशावर एक अंक अधिक एवढाच. म्हणजे विसांत एक. जखमेची खोली त्याने वाढत नाही, नेम तेवढा सुधारतो. लांब तलवारीची किंमत 15 सुवर्णमुद्रा. तीच मास्टरवर्क असेल तर तिच्यावर आणखी 300. किंमत एकवीसपट आणि लाभ विसांश, हा हिशेब व्यापाऱ्याच्या बुद्धीला पटणारा नाही. परंतु ज्याने एखाद्या ओळीतील एका शब्दासाठी आठवडा घालविला आहे, त्याला तो अपरिचित वाटू नये.

घडणीचे गणितही पाहण्याजोगे आहे. प्रत्येक आठवड्याच्या अखेरीस कारागिराने फासा टाकावयाचा, त्यात आपले कौशल्य मिळवावयाचे आणि येणाऱ्या अंकाला कामाच्या काठिण्यांकाने गुणावयाचे. तेवढ्या रौप्यमुद्रांच्या मोलाचे काम त्या आठवड्यात झाले असे धरतात. साध्या तलवारीचा काठिण्यांक 15 आहे. तिच्या उत्तमपणाचा मात्र वेगळा हिशेब मांडलेला आहे : जणू ती स्वतंत्र वस्तूच आहे, तिची स्वतंत्र किंमत आहे आणि तिचा काठिण्यांक 20 आहे. दर आठवड्याला 20 अंक मिळविणारा लोहार साधी तलवार अर्ध्या आठवड्यात पुरी करतो. तिचे उत्तमपण पुरे करावयास त्याला साडेसात आठवडे लागतात. वस्तू आणि वस्तूची गुणवत्ता यांचा असा विभक्त हिशेब सौंदर्यशास्त्राच्या किती ग्रंथांनी मांडला आहे?

आणखी तीन तरतुदी आहेत. पहिली : साधी घडलेली तलवार मागाहून मास्टरवर्क करता येत नाही, उत्तमपण जन्मासोबतच यावे लागते. पुरस्कार, प्रस्तावना आणि परिसंवाद यांनी सामान्य कृतीला थोर करू पाहणाऱ्यांनी ही तरतूद ध्यानी ठेवावी. दुसरी : निवांतपणे काम करणाऱ्या कारागिराला फासा न टाकता सरासरी दहा अंक घेण्याची मुभा आहे. ज्याने कौशल्याचे दहा अंक कमावले आहेत, तो नशिबाची याचना न करता विसाचा आकडा गाठतो. अभ्यासाची याहून नेमकी व्याख्या करणे अवघड आहे. तिसरी तरतूद सर्वांत महत्त्वाची : जो मंत्र घालावयाचा तो मास्टरवर्क शस्त्रातच घालता येतो, साध्या शस्त्रात नाही. अलौकिकाला आश्रय हवा असेल, तर तो लौकिकाच्या पूर्णत्वातच मिळतो.

३

हा क्रम केवळ पाश्चात्त्य खेळाचा आहे, असे म्हणून सुटका होत नाही. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त तुळजादेवी महाराजांच्या तलवारीत स्वतः अधिष्ठित होते. देवी तलवारीत येते, याचा अर्थ तलवार आधीच आहे. कोणीतरी ती घडविली आहे आणि देवीने यावे इतकी ती पात्र आहे. संचार आणि निर्मिती या दोन क्रिया शिवकालीन कवीच्या मनात वेगळ्या होत्या. पुढे लोकमानसात संचाराच्या जागी प्रदान आले आणि प्रदानाबरोबर लोहार पुसला गेला.

गंमत अशी की, हीच घसरण त्या खेळातही झाली. 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीतून मास्टरवर्क हा स्तर वगळण्यात आला. चांदीचा मुलामा वगैरे किरकोळ भेद सोडले, तर तेथे शस्त्र एकतर साधे आहे, नाहीतर मंत्रसिद्ध. घडणीचा नियमही सरसकट झाला : दिवसाला 5 सुवर्णमुद्रांच्या मोलाचे काम, कच्च्या मालाला निम्मा खर्च, बस्स. फासा नाही, अपयश नाही, काठिण्य नाही, म्हणून कौशल्याची पायरीही नाही. खेळ सुटसुटीत झाला यात शंका नाही. परंतु त्या सुटसुटीतपणाची किंमत अशी की, त्या जगातील लोहाराला आता साधी तलवार तेवढी करता येते. थोर तलवार ही जादूगाराची मिरास झाली. मधली पायरी काढली की कारागीर आपोआप खाली राहतो. त्याला कोणी अपमानाने हाकलावे लागत नाही.

याच धाराशिव जिल्ह्यातून जाऊन आलेले दुसरे एक शस्त्र या संदर्भात आठवावे. विजापूरच्या बुरुजावरील ‘मुलूख मैदान’ ही तोफ तेथे 1632 साली परंड्याच्या किल्ल्यातून नेण्यात आली. तिची ओतणी 1549 साली अहमदनगरास निजामशाहीत झाली. तोफेचे तोंड हत्तीला गिळणाऱ्या हिंस्र पशूचे आहे. तिच्यावर सुलतानाचे नाव आहे. पुढे विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेही तिच्यावर आपला लेख कोरविला. परंतु या धन्यांच्या सोबतच ओतणाऱ्याचेही नाव त्या धातूत आहे : मुहंमद बिन हसन रूमी. धनी बदलत गेले. घडविणाऱ्याचे नाव राहिले. तोफेच्या सामर्थ्याला त्या नावाने काही उणेपणा आला असे कोणास वाटले नाही. भवानी तलवारीच्या थोरवीला मात्र लोहाराच्या नावाचा विटाळ का व्हावा?

४

आता समीक्षेकडे वळावे. मम्मटाने काव्याचा हेतू सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी तीन अंगे सांगितली. पण ‘हेतू’ हा शब्द एकवचनी ठेवला. तिन्ही मिळून एक कारण, सुटे एकही पुरेसे नाही, असा त्याचा आशय. दंडी तर याहून उदार : प्रतिभा नसली तरी श्रवण आणि यत्न यांनी उपासिलेली वाणी काही ना काही अनुग्रह करतेच, असे तो मानतो. केवळ प्रतिभा हेच कारण, असा आग्रह जगन्नाथ पंडिताचा. या परंपरेत वाद होता, पर्याय होते. आधुनिक मराठी समीक्षेने त्यांतून सोयीचा तेवढा जगन्नाथ उचलला आणि त्याला युरोपीय स्वच्छंदतावादाची जोड दिली. कॉलिंगवुडच्या 1938 सालच्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’मधील कला आणि कारागिरी हा भेद मग आयताच हाताशी आला. ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (1931) कादंबरीच्या तंत्राची उघड चर्चा केली, तेव्हा त्यांच्या मर्यादा दाखविणे आवश्यकच होते, परंतु फडक्यांचे तंत्र उथळ होते, या निष्कर्षावरून तंत्रविचारच उथळ असतो, असा निष्कर्ष काढण्यात आला. तेव्हापासून ‘नुसती कारागिरी’ हा मराठीतील निकालाचा शब्द झाला.

कॉलिंगवुडची भूमिका तिच्या बळासह मांडली पाहिजे. त्याच्या मते कारागिराला काय करावयाचे ते आधीच ठाऊक असते; साध्य आणि साधन, योजना आणि अंमल यांची तेथे फारकत असते. कलावंताला मात्र व्यक्त होईपर्यंत आपण काय व्यक्त करीत आहोत हे उमगत नाही. हा भेद चमकदार आहे, परंतु तो साध्या कामाला लागू पडतो, उत्तम कामाला नाही. लोहाराला तलवार करावयाची आहे हे आधी ठाऊक असते; हीच तलवार उत्तम कशाने होईल हे त्याला भट्टीपाशी, या लोखंडाच्या या रंगाकडे पाहतानाच कळते. नियमपुस्तकाने वस्तूला एक काठिण्यांक आणि उत्तमपणाला दुसरा दिला, तो याच कारणाने. वस्तू योजनेत मावते, उत्तमपण मावत नाही. कॉलिंगवुडने कारागिरीचे वर्णन म्हणून जे केले, ते वस्तुतः सुमार कारागिरीचे वर्णन आहे आणि सुमार कवितेलाही ते तितकेच लागू पडते.

मराठीची शब्दसंपत्ती या बाबतीत समीक्षकांपेक्षा शहाणी आहे. ‘करामत’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा तेथील अर्थ अवलियाचा चमत्कार. मराठीत येताच तो माणसाच्या हातचलाखीचा, युक्तीचा, कौशल्याचा झाला. लोकांनी चमत्कार खाली आणून कसबाच्या शेजारी बसविला. समीक्षकांनी कसब उचलून चमत्काराच्या खात्यावर जमा केले. ‘कसब’ या शब्दाची गतही बोलकी आहे. ‘कसबी’ म्हणजे हुन्नर जाणणारा. त्याचेच ‘कसबीण’ हे रूप शिवीसारखे वापरले जाते. हातांच्या कामावर जगणाऱ्यांकडे पाहण्याची प्रतिष्ठितांची नजर त्या एका शब्दात साठलेली आहे.

या नजरेचे वाङ्मयीन परिणाम निरुपद्रवी नाहीत. बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 साली ग्रंथरूपाने आली आणि निसर्गदत्त प्रतिभेचा चमत्कार म्हणून त्यांचे स्वागत झाले. निरक्षर शेतकरी स्त्रीला ओवीचे वजन, यमकाची जागा आणि उपमेची काटकसर ही जात्यावरच्या दीर्घ उमेदवारीतून साधली असेल, हा विचार त्या गौरवात दुय्यम राहिला. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (1972) यांच्या वाट्याला ‘दाहक अनुभव’ आणि ‘विद्रोह’ ही विशेषणे उदंड आली. त्यांच्या वाक्यरचनेची, लयीची, शब्दनिवडीची चिकित्सा त्या मानाने अल्प झाली. मराठवाड्याचे कथाकार भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा घ्यावी. टोमॅटोचा भाव कोसळतो आणि बाजारातच तो माल पायांखाली तुडविला जातो. या कथेवर शेतकऱ्याच्या दुःखाचा दस्तऐवज म्हणून पुष्कळ बोलले जाते. परंतु दुःख तर साऱ्या बाजाराचे होते. त्यातून कथा एकाच हातून झाली. तो हात समीक्षेने किती वेळा पाहिला?

म्हणजे व्यवस्था अशी दिसते : वरच्या स्तरातील लेखकाच्या उत्तमपणाला ‘प्रतिभा’ म्हणावयाचे आणि खालच्या स्तरातील लेखकाच्या उत्तमपणाला ‘अनुभव’. एकाला जादू, दुसऱ्याला कच्चा माल. मधली पायरी कोणालाच नाही. पाचव्या आवृत्तीचे नियम मराठी समीक्षेने त्या आवृत्तीच्या कितीतरी आधी अंगीकारले होते.

५

तिसऱ्या आवृत्तीचे नियम आदर्श आहेत, असा याचा अर्थ नव्हे. त्यांचा दोष गंभीर आहे आणि तो सांगितल्याविना हा युक्तिवाद अप्रामाणिक ठरेल. त्या नियमांत कामाचा वेग वस्तूच्या बाजारभावावर अवलंबून आहे. वस्तू महाग म्हणून तिला वेळ अधिक. तीच वस्तू सोन्याची केली, तर केवळ सोन्यापायी ती अधिक दिवस घेणार. गुणवत्तेची पायरी जपणाऱ्या या संहितेने गुणवत्तेचे माप मात्र पैशाच्या हाती दिले आहे. आणि उत्तम शस्त्रावर कर्त्याचे नाव असावे, अशी अट तिच्यातही नाही.

हे माप गावगाड्याला लावून पाहावे. त्रिं. ना. आत्रे यांनी ‘गावगाडा’ (1915) मध्ये ज्या बलुतेदारीचे वर्णन केले, तीत लोहार, सुतार आणि कुंभार यांना नगास नग असे दाम नव्हते. सुगीला धान्याचा वाटा होता. ज्या नांगराच्या फाळाला भावच नाही, तो करावयास नियमपुस्तकाच्या हिशेबाने किती आठवडे लागतील? बलुतेदारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिने कारागिराला जातीत कोंडले आणि त्याचे मोल धन्याच्या मर्जीवर टांगले. परंतु बाजारभावावाचूनही उत्तम आणि सुमार यांचा निवाडा गाव करीत होते, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

आणि असा निवाडा आजही तुळजापुरातच होतो. दर वर्षी दसऱ्याला देवीसाठी नवी पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगराहून येते आणि नवा पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून. सीमोल्लंघन झाल्यावर देवी त्या पलंगावर पौर्णिमेपर्यंत निद्रा करते. या वस्तू जादूच्या नाहीत. त्या आकाशातून येत नाहीत. लाकूड तासून, सांधे जुळवून, माणसांच्या खांद्यांवरून येतात. जिने राजाला तलवार दिली असे मानले जाते, ती देवी दर वर्षी सुताराकडून पलंग घेते. पहिल्या कथेची महापूजा होते; दुसरी रीत प्रत्यक्ष चालू असून तिच्यावरून कोणी सौंदर्यशास्त्र उभारले नाही. त्या पलंगाचा भाव सुवर्णमुद्रांत काढता येणार नाही. पण त्याचा एक सांधा कच्चा राहिला, तर ते ओळखायला फासा लागणार नाही.

६

कच्चे आणि पक्के हे शब्द येथे सहज आलेले नाहीत. याच जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबांचे गाव. संतमेळ्यात गोरोबांनी थापटणे हाती घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही आख्यायिका मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. गुरूची आवश्यकता सांगणारी कथा म्हणून ती सांगितली जाते. तिच्यातील दुसरा अर्थ उपेक्षित राहिला. नामदेवांच्या पदरी अलौकिकाची वाण नव्हती. प्रत्यक्ष विठ्ठल त्यांच्याशी बोलत होता, त्यांच्या हातचा नैवेद्य जेवत होता. तरीही ते कच्चे. कृपा होती, भाजणी व्हावयाची होती. आणि हा निर्णय पंडिताने नव्हे, पोथीने नव्हे, कुंभाराने आपल्या धंद्यातील हत्याराने दिला. नामदेवांनी रुसून पाहिले, पण अखेर ते औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. कारागिराचा निकाल परंपरेने कायम केला.

ज्या भाषेच्या संतपरंपरेने गुणवत्तेची पहिली कसोटी कुंभाराच्या हाती दिली, तिच्या समीक्षेने ‘कारागिरी’ हा शब्द हिणविण्यासाठी वापरावा, हे आत्मविस्मृतीचे लक्षण आहे. येथे मागणी प्रतिभेला पदच्युत करण्याची नाही. देवी तलवारीत येत असेल तर यावी. मागणी एवढीच की, समीक्षकाने तलवारीपाशी येताच हात जोडण्याआधी पाते वाजवून पाहावे. ते कोणत्या पोलादाचे, किती वेळा तापलेले, कोठे दुमडलेले हे सांगावे. आणि घडविणाऱ्याचे नाव सापडत असेल तर ते धन्याच्या नावाशेजारी लिहावे. ते सापडत नसेल, तर ती जागा रिकामी दाखवावी. तेथे देवीचे नाव घालू नये. देवीला त्याची गरज नाही, आणि लोहाराची तेवढीच एक जागा आहे.